आय.डी. फॅनची प्रकृती आभासी वास्तवात कशी पाहावी: साखर कारखान्याच्या देखभाल विभागासाठी सविस्तर मार्गदर्शक

साखर कारखान्यात बॉयलरचा आय.डी. फॅन, म्हणजे भट्टीतील धूर ओढून चिमणीकडे सोडणारा पंखा, बंद पडला, तर त्याचा फटका एका पंख्यापुरता राहत नाही. भट्टीतील ओढ संपते, बॉयलर ट्रिप होतो, टर्बाइनची वाफ तुटते, मिल थांबते आणि गव्हाणीपासून काट्यापर्यंत ऊसवाहनांची रांग लागते. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. उन्हात उभ्या असलेल्या ट्रॉलीत त्याचे वजनही घटते आणि साखरही. म्हणून यंत्राची प्रकृती आभासी वास्तवात, म्हणजे व्हीआर हेडसेट लावून, पाहण्याची सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारले, तर मी या पंख्याकडे बोट दाखवतो. संपूर्ण कारखान्याचे आभासी रूप उभारण्याचा मोह सुरुवातीला टाळावा. एकच यंत्र घ्यावे, परंतु ते पूर्ण घ्यावे.

उदाहरणासाठी 160 किलोवॉटची, सहा पोलची आणि भारावर मिनिटाला 980 फेरे फिरणारी मोटर, त्यानंतर दोन शाफ्ट जोडणारे कपलिंग आणि दोन प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या घरांवर, टेकलेला पंख्याचा शाफ्ट अशी रचना समोर ठेवू. पुढील सर्व आकडे याच रचनेचे आहेत. आपल्या पंख्याचे आकडे नामपट्टीवरून घेऊन तीच गणिते पुन्हा करावीत.

व्हीआरकडून काय मागावे

व्हीआर काहीही मोजत नाही. मोजमाप सेन्सर करतात, निदान माणूस करतो आणि धोक्याची सूचना नियंत्रण कक्षातील यंत्रणेने द्यायची असते. ही कामे हेडसेटकडे सोपवू नयेत, कारण दिवसभर हेडसेट लावून कोणीही बसणार नाही आणि बसूही नये. अलार्म आणि ट्रिप पूर्वी जेथे होते, तेथेच राहू द्यावेत.

मग व्हीआर हवे कशाला? मोजमापाला जागा आणि दिशा मिळावी यासाठी. कंपनाचा आलेख वाचण्याची सवय असलेला अभियंता पडद्यावरील दहा रेषांवरून मनात चित्र उभे करतो, परंतु ते चित्र त्याच्याच मनात राहते. फिटरला ते दिसत नाही, चीफ इंजिनिअरला दिसत नाही, आणि पुण्याहून फोनवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला तर मुळीच दिसत नाही. पंख्याकडील बेअरिंग आडवे जास्त हलते की उभे, मोटरचा कोणता पाय फाउंडेशनपासून वेगळा हलतो, कपलिंगच्या दोन्ही बाजू एकमेकींना ढकलतात की बरोबर सरकतात, हे सर्वांनी एकाच वेळी, यंत्राच्या खऱ्या मापात, त्याच्याभोवती फिरून पाहणे यात व्हीआरचा खरा उपयोग आहे. एवढे साधणार नसेल, तर भिंतीवरचा साधा पडदा पुरेसा आहे आणि तो स्वस्तही पडतो.

आधी यंत्र ओळखावे

आय.डी. फॅन कशाने आजारी पडतो, याची यादी सेन्सर मागवण्यापूर्वी कागदावर लिहावी. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या बॉयलरमध्ये धुराबरोबर राख येते. ती पात्यांवर चिकटते, थर वाढतो आणि एखाद्या दिवशी एका पात्यावरचा थर अचानक निखळतो. संतुलन बिघडते आणि फेऱ्यांच्या वारंवारितेवरील कंपन एका पायरीसारखे वर चढते. राखेतील वाळूमुळे पाती झिजतात तेव्हा हेच कंपन हळूहळू, काही आठवड्यांत वाढते. म्हणजे दोष एकच, परंतु त्याची चाल निराळी, आणि उपायही निराळा. याशिवाय अलाइनमेंट (मोटर आणि पंख्याचे शाफ्ट एका रेषेत असणे) बिघडणे, फाउंडेशन बोल्ट सैल होणे, बेअरिंगची रेस (रोलर ज्यावर फिरतात ते कडे) किंवा रोलर खराब होणे आणि मोटरमधील विद्युत दोष ही नेहमीची मंडळी आहेतच.

980 फेऱ्यांना सेकंदावर आणले की 16.3 हर्ट्झ येतात. असंतुलन येथे दिसते. बेअरिंगच्या बाहेरील रेसमधील दोषासाठी एक जुना अंदाज उपयोगी पडतो: रोलरची संख्या गुणिले फेऱ्यांची वारंवारिता गुणिले 0.4. बेअरिंगमध्ये 19 रोलर असतील, तर ही खूण साधारण 124 हर्ट्झच्या आसपास शोधावी. आतील रेससाठी 0.4 ऐवजी 0.6 घ्यावा. अचूक आकडा बेअरिंग उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावा, कारण अंदाज हा शोध सुरू करण्यापुरताच असतो.

सेन्सर आणि त्यांची जागा

मोटरची दोन आणि पंख्याची दोन अशा चार बेअरिंगांवर प्रत्येकी एक आडवा आणि एक उभा, तसेच मोटर आणि पंख्यावर अक्षाच्या दिशेने प्रत्येकी एक असे दहा ॲक्सेलरोमीटर, म्हणजे कंपन मोजणारे सेन्सर, लावावेत. त्यांच्या जोडीला शाफ्टवर परावर्तक पट्टी चिकटवून एक टॅकोमीटर आवश्यक आहे. तो प्रत्येक फेऱ्याचा आरंभबिंदू सांगतो, आणि त्याच्याशिवाय कंपनाची फेज, म्हणजे फेऱ्याच्या कोणत्या क्षणी हालचाल टोकाला पोहोचते हे, समजत नाही.

येथे बहुतेकांची फसगत होते. बाजारात मिळणारे वायरलेस सेन्सर लावायला सोपे आहेत आणि कंपनाची पातळी महिनोन्महिने कशी बदलते हे ते चांगले दाखवतात. परंतु प्रत्येक सेन्सर आपापल्या घड्याळाने, आपापल्या वेळी नोंद घेत असेल, तर दोन जागांची फेज एकमेकींशी जुळवता येत नाही. मग व्हीआरमध्ये यंत्राची हालचाल दाखवताना ते सॉफ्टवेअर फेज स्वतःच्या कल्पनेने भरते, आणि दिसायला सुंदर परंतु खोटे चित्र समोर येते. आपल्याला हालचालीचा आकार पाहायचा आहे, म्हणून सर्व वाहिन्या एकाच क्षणी नमुने घेणाऱ्या तारेच्या यंत्रणेवरच खर्च करावा. पैसे कमी असतील, तर हेडसेटमध्ये काटकसर करावी.

सेन्सर चुंबकाने न बसवता स्टडने, साफ केलेल्या सपाट जागेवर बसवावेत. हा सल्ला मी माझ्या चुकीतून शिकलो आहे. एका कारखान्यात घाईमुळे चुंबकावर बसवलेला सेन्सर काही दिवसांनी घसरून केबलला लोंबकळत राहिला होता. हवेत लटकलेल्या सेन्सरला कंपन जवळजवळ जाणवत नव्हते, त्यामुळे हेडसेटमध्ये ते बेअरिंग सर्वांत निरोगी, गडद हिरवे दिसत होते. मी स्वतः ते पाहून समाधान मानले. दोन दिवसांनी रात्रपाळीच्या ऑइलमनला त्या बेअरिंगचा आवाज बदललेला जाणवला आणि त्याच्यामुळे पंखा वाचला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मांडणीत वरच्या मर्यादेबरोबर खालची मर्यादाही असते: यंत्र चालू असताना कंपन मूळ नोंदीच्या निम्म्याहून खाली गेले, तर तो भाग हिरवा न दिसता करडा दिसतो आणि त्यावर ‘सेन्सर तपासा’ अशी पाटी येते. पंधरा मिनिटांहून जुनी नोंद असेल, तरीही रंग करडाच असतो.

नोंदी किती आणि कशा साठवाव्यात

2,000 हर्ट्झपर्यंतचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर किती कंपन आहे याचा आलेख, हवा असेल, तर त्याच्या 2.56 पट, म्हणजे सेकंदाला 5,120 नमुने घ्यावे लागतात. दहा वाहिन्यांचे, प्रत्येकी चार बाइटचे नमुने अखंड साठवले, तर एका दिवसात सुमारे 17.7 गिगाबाइट भरतात. याची काहीच आवश्यकता नाही. दर दहा मिनिटांनी चार सेकंदांची एक नोंद घेतली, तर तेवढ्याच जागेत 150 दिवसांचा अख्खा गळीत हंगाम बसतो. चार सेकंदांच्या नोंदीतून 0.25 हर्ट्झचा बारकावाही मिळतो, आणि तो येथे फार मोलाचा आहे. फेऱ्यांच्या सहाव्या पटीचे कंपन 98 हर्ट्झला येते, तर मोटरमधील विद्युत दोषाचे 100 हर्ट्झला. दोन रेषा वेगळ्या दिसल्या नाहीत, तर फिटरचे काम इलेक्ट्रिशियनकडे जाते किंवा त्याच्या उलट होते. बेअरिंगच्या अगदी सुरुवातीच्या दोषासाठी मात्र दिवसातून काही वेळा 25,600 नमुन्यांच्या वेगाने निराळी नोंद घ्यावी.

प्रत्येक नोंदीबरोबर डॅम्परची (धुराचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) स्थिती, मोटरचा करंट, बेअरिंगचे तापमान आणि वाफेचा भार यांची नोंद व्हायलाच हवी. अर्ध्या भारावरचे कंपन पूर्ण भारावरच्या कंपनाशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. ही माहिती नियंत्रण यंत्रणेतून ओपीसी यूए किंवा एमक्यूटीटी या माहिती पाठवण्याच्या पद्धतींनी घेता येते, परंतु ती केवळ वाचण्याची परवानगी असावी. हेडसेटमधून डॅम्पर हलवता येईल किंवा पंखा बंद करता येईल अशी सोय कोणी उत्साहाने सुचवली, तर तिला स्पष्ट नकार द्यावा.

मूळ नोंद, म्हणजे निरोगी स्थितीची नोंद, कधी घ्यावी याला साखर कारखान्यात सोपे उत्तर आहे. बंद हंगामात पंख्याची दुरुस्ती, संतुलन आणि अलाइनमेंट झालेली असते. बॉयलर अग्निप्रदीपनानंतर गाळप स्थिर झाले की पहिल्या आठवड्यात निरनिराळ्या भारांवर नोंदी घेऊन त्या कुलूपबंद ठेवाव्यात.

मॉडेल

उत्पादकाकडून जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग किंवा स्टेप फाइल (यंत्राचे त्रिमितीय आरेखन) मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास लेझर स्कॅनरने किंवा एकमेकांवर भरपूर चढणाऱ्या छायाचित्रांपासून मॉडेल करता येते. इन्सुलेशनवरील चकचकीत पत्रा मात्र छायाचित्रांच्या पद्धतीला दाद देत नाही, तेथे मापे घेऊन हाताने भाग काढावा. अभियांत्रिकी फाइलमधील प्रत्येक नट आणि वॉशर हेडसेटला झेपत नाही. स्वतंत्र, म्हणजे संगणकाला न जोडता चालणाऱ्या, हेडसेटवर चित्र सेकंदाला 72 वेळा नव्याने काढावे लागते, म्हणजे एका चित्रासाठी हाताशी 13.9 मिलिसेकंद असतात. ते चुकले की चित्र अडखळते आणि पाहणाऱ्याला मळमळते. म्हणून डक्टिंग, जिने आणि कठडे अगदी साधे ठेवावेत, आणि तपशील प्लमर ब्लॉक, कपलिंग, मोटरचे पाय, बेसफ्रेम व फाउंडेशन बोल्ट यांवर खर्च करावा, कारण दोष तेथे दिसणार आहेत. मोटरचा पाय, बेसफ्रेम आणि काँक्रीट हे तीन निराळे भाग म्हणूनच काढावेत. ते एकसंध काढले, तर सैल बोल्ट व्हीआरमध्ये कधीच दिसणार नाही.

कंपन डोळ्यांना दिसेल असे करणे

या कामाचा गाभा येथे आहे. सेकंदाला 7.1 मिलिमीटर आरएमएस (एक प्रकारची सरासरी) हे कंपन औद्योगिक पंख्यासाठी गंभीर मानले जाते. परंतु 16.3 हर्ट्झला त्याचा अर्थ एवढाच होतो की बेअरिंगचे घर इकडून तिकडे सुमारे 0.2 मिलिमीटर हलते, आणि तेही सेकंदाला सोळा वेळा. हे डोळ्यांना दिसत नाही. हात लावला तर थरथर जाणवते, इतकेच. व्हीआरमध्ये हीच हालचाल 100 पट मोठी केली की ती 20 मिलिमीटरची होते, आणि दोन सेकंदांत एक आवर्तन इतकी संथ केली की यंत्र श्वास घेत असल्यासारखे दिसते.

मग दोष आपली ओळख देऊ लागतात. असंतुलनात बेअरिंगचे घर आडव्या आणि उभ्या दिशेत साधारण 90 अंशांच्या फरकाने हलते, त्यामुळे ते लंबवर्तुळात फिरताना दिसते. अलाइनमेंट बिघडले असेल, तर कपलिंगच्या दोन्ही बाजू अक्षाच्या दिशेने जवळपास 180 अंशांच्या फरकाने हलतात. एक बाजू पुढे येते तेव्हा दुसरी मागे जाते, आणि मधले कपलिंग दाबले व ताणले जाताना दिसते. बोल्ट सैल असेल, तर पाय उचलला जातो आणि त्याखालची बेसफ्रेम जागची हलत नाही. ही हालचाल दाखवण्यासाठी मोटरचे चारही पाय व बेसफ्रेम यांवर फिरत्या सेन्सरने एकदा नोंद घ्यावी लागते, कारण कायमचे दहा सेन्सर बेअरिंगांवर असतात.

दोन पथ्ये कसोशीने पाळावीत. हालचाल किती पट वाढवली आहे, तो आकडा नजरेसमोर सतत राहिला पाहिजे. नाही तर पहिल्यांदा पाहणारा माणूस यंत्र आत्ताच उखडेल या समजुतीने घाबरतो. दुसरे असे की, दोन नोंदींची तुलना करताना ही पट बदलू नये.

रंगांच्या मर्यादा मानकांवरून घ्याव्यात. या गटातील, म्हणजे 15 ते 300 किलोवॉटच्या, कडक पायावरील यंत्रांसाठी आयएसओ 10816-3 मध्ये 1.4, 2.8 आणि 4.5 मिलिमीटर प्रति सेकंद या सीमा आहेत. त्या मानकाची जागा आता आयएसओ 20816-3 ने घेतली आहे. पंख्यांसाठी स्वतंत्र आयएसओ 14694 आहे, आणि त्यात या वर्गातील कडक पायावरील पंख्याला 7.1 ला अलार्म आणि 9.0 ला बंद करणे असे सांगितले आहे. माझा भर मात्र मूळ नोंदीवर अधिक असतो. 1.2 वर चालणारे बेअरिंग आठवड्यात 2.5 वर गेले, तर ते मानकात बसत असले तरी मी ते उघडण्याची तयारी सुरू करतो. रंगाच्या जोडीला आकडा आणि खूण असावी, कारण लाल आणि हिरव्यातील फरक सर्वांनाच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. जुना फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर ठेवतो, मूठ कानाला लावतो आणि बेअरिंग ऐकतो. सेन्सरची कच्ची नोंद हेडसेटमध्ये आवाज म्हणून ऐकवता येते: आभासी बेअरिंगला हात लावला की त्याचा खरा आवाज कानात. मूळ नोंदीचा आवाज आणि आजचा आवाज एकामागून एक ऐकवले की तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस या नव्या साधनापुढे परका राहत नाही. निदानात त्याचा शब्द पुन्हा मोलाचा ठरतो.

पाट्या मराठीत

फिटर आणि ऑइलमन यांच्यासाठी पाट्या मराठीतच असाव्यात. येथे एक तांत्रिक खड्डा आहे. व्हीआर दृश्ये घडवण्याच्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये नेहमी वापरली जाणारी टेक्स्टमेशप्रो ही अक्षरप्रणाली देवनागरीची जोडणी नीट करत नाही; ‘स्थिती’मधील पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरे तुटतात. ठरलेल्या पाट्या आधीच चित्र म्हणून तयार करून लावणे हा सोपा उपाय आहे. बदलता मजकूर हवा असेल, तर गोडो 4 हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर वापरावे, कारण त्यात जोडाक्षरे घडवणारी हार्फबझ प्रणाली अंतर्भूत आहे. किंवा वेबएक्सआरचा, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हीआर चालवण्याचा, मार्ग घेऊन मजकूर ब्राउझरकडूनच काढून घ्यावा.

विश्वास ठेवण्यापूर्वीची परीक्षा

पहिली परीक्षा साधी आहे. पंखा बंद, वीज तोडून कुलूप लावलेले, आणि एक जण हेडसेट लावून कार्यालयात. दुसऱ्याने प्रत्येक सेन्सरशेजारी लाकडी हातोडीने हलकेच ठोकावे आणि फोनवर जागा सांगावी. व्हीआरमध्ये तोच भाग, त्याच दिशेने उजळला पाहिजे. दहा वाहिन्यांत एक-दोन तारा उलटसुलट सापडल्या, तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

दुसरी परीक्षा बंद हंगामातील संतुलनाच्या वेळी, संतुलन करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातून करावी. चाचणी वजनामुळे निर्माण होणारा जोर रोटरच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. रोटर 1,200 किलोचा आणि वजन लावण्याची त्रिज्या 0.8 मीटर असेल, तर ही मर्यादा सुमारे 140 ग्रॅम येते. 100 ग्रॅमचा तुकडा लावावा. 980 फेऱ्यांना तो सुमारे 86 किलोच्या जोराने शाफ्टला बाहेर ओढतो. व्हीआरमध्ये हालचालीतील बदल दिसला पाहिजे, आणि तुकडा 90 अंश पुढे नेला की त्याच्यामुळे झालेल्या बदलाची फेजही 90 अंशांनी सरकली पाहिजे. ती सरकली नाही, तर टॅकोमीटरपासून तपासणी पुन्हा सुरू करावी.

हंगामातील वापर

सकाळच्या पाळीच्या बैठकीपूर्वी एका माणसाने दहा मिनिटे हेडसेट लावून आदल्या 24 तासांची नोंद वेगाने पुढे नेत पाहावी, आणि शंका आली तरच इतरांना बोलवावे. पंख्याचे लंबवर्तुळ पहाटे तीन वाजता एकाएकी दुप्पट झालेले दिसले आणि बेअरिंगच्या वारंवारिता शांत असल्या, तर राखेचा थर निखळला असण्याचा संभव मोठा असतो. पुढील स्वच्छतेच्या थांब्यात पाती साफ करावीत, बेअरिंग उगाच उघडू नये. 124 हर्ट्झच्या आसपास बारीक रेषा आणि तिच्या पटी उगवल्या, तर तापमान अजून वाढलेले नाही या गोष्टीने दिलासा घेऊ नये. तापमान फार उशिरा बोलते. बेअरिंग भांडारात आहे की नाही, ते त्याच दिवशी पाहावे.

हेडसेट लावलेला माणूस बसलेला किंवा आखलेल्या मोकळ्या जागेत असावा, चालत्या यंत्राजवळ कधीही नसावा. डिस्टिलरीच्या इथेनॉल विभागात साधे हेडसेट नेऊ नये. ते स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित नसते. बगॅसची धूळ आणि घाम यांमुळे चेहऱ्याकडील गादी लवकर खराब होते, म्हणून प्रत्येक वापरानंतर ती पुसावी.

हंगाम संपल्यावर प्लमर ब्लॉकचे झाकण उघडले की बेअरिंग धुऊन रेसचे आणि रोलरचे छायाचित्र घ्यावे. खड्डा सापडला असेल तर त्याची जागा आणि रुंदी मोजावी. काहीच सापडले नसेल, तर तेही लिहावे. हे छायाचित्र आभासी बेअरिंगला जोडून त्याच्या शेजारी शेवटच्या महिन्याचा वर्णपट ठेवावा. पुढच्या अग्निप्रदीपनानंतर हेडसेट लावणाऱ्याला त्या बेअरिंगला हात लावताच आवाज ऐकू येईल, आणि तसा आवाज येत असताना आतून ते कसे दिसत होते, तेही समोर येईल.